धुरकीचा लाल डबा

कुणीतरी रुळाला तेल घातलं!

हो, हो, घातलंच! चाकाला तेल घालावं. दांड्याला तेल घालावं. रुळाला कुणी तेल घालतं का? छे, छे, छे! पण कुणीतरी घातलं. आणि आता कुणी कबूल होईना.

रूळ होता एका अंगणात. गोल गोल रूळ. घराच्या पायरीजवळून जायचा. हापशाजवळून जायचा. पेरूच्या झाडाला वळसा घालायचा, आणि पुन्हा पायरीशी यायचा.

रुळावर होती एक आगगाडी.

खोटी खोटी? नाही, नाही. खरी! खऱ्या वाफेची! फक्त लहान. इंजिन मांजराएवढं. डबे चपलेएवढे.

इंजिनाचं नाव धुरकी. धुरकीच्या पोटात पाणी. पाण्याखाली निखारे, बोराएवढे. पाणी उकळायचं, रटरट रटरट. वाफ व्हायची, फुस्स फुस्स. चाकं फिरायची, झुक झुक झुक!

मागे तीन डबे. एक हिरवा. एक पिवळा. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात छोटा, लाल.

धुरकीला केलं कुणी? अण्णांनी. अण्णा होते रेल्वेत. मोठ्ठी मोठ्ठी इंजिनं दुरुस्त करायचे. मग अण्णांचे केस पिकले. अण्णा घरी बसले. घरी बसून एक छोटं इंजिन केलं. तीच धुरकी.

पेरूच्या झाडापाशी एक चढ होता. केवढा? मांजर टुणकन उडी मारेल एवढाच. पण अण्णा त्याला म्हणायचे घाट. घाटाच्या वर एक स्टूल. स्टुलावर अण्णा.

रोज सकाळी काय व्हायचं? ऐका.

अण्णांची मुलगी सुलूताई. ती लाल डब्यात ठेवायची एक गुळाचा खडा. धुरकी निघायची. झुक झुक झुक! घाट चढायची. झुक झुक झुक! वर पोचली की शिट्टी. कूऽऽ कुक्!

"शाब्बास, धुरके!" अण्णा म्हणायचे. "अगदी वेळेवर!"

आणि लाल डब्यातला गुळाचा खडा उचलायचे.

त्याच्याही आधी अण्णा एक चोरी करायचे. खरंच! सुलूताईच्या रांगोळीच्या डब्यातून चिमूटभर रांगोळी पळवायचे.

"अण्णा! माझी रांगोळी!"

"चिमूटभर तर घेतली गं. लागते मला."

"तुम्हाला कशाला लागते? तुम्ही काय दारात कमळं काढणार?"

अण्णा नुसते हसायचे. कशाला लागते ते कधी सांगितलंच नाही.

मग एक दिवस अण्णा आजारी पडले.

मग अण्णा वारले.

वारले म्हणजे? म्हणजे आता येणार नाहीत. उद्या नाही. परवा नाही. कधीच नाही.

दारात रांगोळी नाही. अंगणात झुक झुक नाही. धुरकी थंड. निखारे थंड. किती दिवस? खूप दिवस.

आणि आज सकाळी सुलूताईने पुन्हा निखारे पेटवले. लाल डब्यात गुळाचा खडा ठेवला.

"जा, धुरके," ती म्हणाली.

झुक झुक झुक! धुरकी निघाली. पायरी गेली. हापसा गेला. घाट आला. आणि झालं काय?

फिर्र फिर्र फिर्र!

चाकं जागच्या जागी फिरली. धुरकी चढेना. सर्रर्र... मागे घसरली.

"जड होतंय तुला," सुलूताई म्हणाली. तिने हिरवा डबा सोडवला. खट्!

फिर्र फिर्र फिर्र! चढेना.

पिवळा डबा सोडवला. खट्!

फिर्र फिर्र फिर्र! चढेना.

मग लाल डबा सोडवला. खट्! त्याच्यात तो गुळाचा खडा.

फिर्र फिर्र फिर्र! एकटी धुरकी, तरी चढेना.

सुलूताईने सगळे डबे उचलले. हिरवा आणि पिवळा डबा टोपलीत ठेवला. लाल डबा मांडीवर घेतला. पायरीवर जाऊन बसली. बसली ती बसलीच.

धुरकी तिच्यापाशी गेली. टुकू टुकू टुकू.

"सुलूताई, सुलूताई, माझा लाल डबा दे ना!"

सुलूताई म्हणाली, "आधी घाट चढ. मग मी देते!"

मग हळूच म्हणाली, "आणि नाही चढलीस ना, तर सगळी गाडी माळ्यावर ठेवून देते. मला नाही बघवत, धुरके. ऊन पायरीवर आलं, की माळ्यावर."

ऊन कुठे होतं? अजून कुंपणावर होतं.

धुरकीने खाली बघितलं. आपल्याच चाकांकडे.

"चाका, चाका, रूळ धर ना!"

"का गं?"

"मला घाट चढवेना,
माझा लाल डबा मिळेना!"

चाक कुरकुरलं. कुर्र कुर्र.

"मी धरीन गं! पण धरू काय? घाटातला रूळ नुसता बुळबुळीत. धरायला गेलो, की सटकतो. आधी रुळाने कोरडं व्हावं. मग मी धरतो!"

"पूर्वी कोण बघायचं हे?"

"अण्णा."

"आणि आता?"

चाक गप्प.

टुकू टुकू टुकू. धुरकी गेली घाटाच्या पायथ्याशी.

"रुळा, रुळा, कोरडा हो ना!"

"का गं?"

"चाक रूळ धरीना,
मला घाट चढवेना,
माझा लाल डबा मिळेना!"

रूळ ताठ होता. ताठच बोलला. टण्ण टण्ण.

"मी रूळ आहे, रूळ! मला काय हात आहेत? मी आपलं आपण अंग पुसू? आधी चिंधीने पुसावं. मग मी कोरडा होतो!"

"पूर्वी कोण बघायचं हे?"

"अण्णा."

"आणि आता?"

रूळ गप्प.

टुकू टुकू टुकू. धुरकी गेली चिंधीकडे. चिंधी म्हणजे अण्णांच्या जुन्या धोतराचा तुकडा. खिळ्यावर लोंबत होती.

"चिंधी, चिंधी, रूळ पुस ना!"

"का गं?"

"रूळ कोरडा होईना,
चाक रूळ धरीना,
मला घाट चढवेना,
माझा लाल डबा मिळेना!"

चिंधी लाजली. फडफड, फडफड.

"बघ ना माझ्याकडे! मीच मेली तेलकट. किती दिवसांत धुतलंय कुणी मला? मी पुसायला गेले, तर आणखी तेल फासेन. आधी बादलीने धुवावं. मग मी पुसते!"

"पूर्वी कोण बघायचं हे?"

"अण्णा. साबण लावून धुवायचे गं. पिळायचे पण हळू."

"आणि आता?"

चिंधी गप्प.

टुकू टुकू टुकू. धुरकी गेली बादलीकडे. बादली रिकामी. तिच्यात एक वाळलेलं पान.

"बादली, बादली, चिंधी धू ना!"

"का गंऽऽ?" बादली बोलली, की आवाज घुमायचा.

"चिंधी रूळ पुसेना,
रूळ कोरडा होईना,
चाक रूळ धरीना,
मला घाट चढवेना,
माझा लाल डबा मिळेना!"

"वाळल्या पानाने धुऊ कायऽऽ? माझ्यात पाणी आहे काऽऽ? आधी हापशाने पाणी द्यावं. मग मी धुतेऽऽ!"

"पूर्वी कोण बघायचं हे?"

"अण्णाऽऽ."

"आणि आता?"

बादली गप्प. आतलं पान तेवढं हललं.

ऊन कुठे आलं? ऊन हापशावर आलं.

टुकू... टुकू... टुकू. धुरकीच्या पोटात वाफ होती थोडीशीच. आता आणखी थोडी राहिली.

"हापशा, हापशा, पाणी दे ना!"

"का गं?"

"बादली चिंधी धुवेना,
चिंधी रूळ पुसेना,
रूळ कोरडा होईना,
चाक रूळ धरीना,
मला घाट चढवेना,
माझा लाल डबा मिळेना!"

हापसा म्हातारा. त्याचा दांडा वाकडा. तो खोकला. खर्र खर्र.

"देईन की! पोटात पाणी मावत नाहीये माझ्या. पण दांडा दाबणार कोण? तू? मांजराएवढी तू! आधी सुलूताईने उठावं. मग मी पाणी देतो!"

"पूर्वी कोण बघायचं हे?"

"अण्णा. दांडा दाबता दाबता गाणं म्हणायचे. बेसूर! पण म्हणायचे."

"आणि आता?"

हापसा गप्प. एक थेंब पडला. टप्.

टुकू... टुकू... टुकू. धुरकी पुन्हा पायरीशी आली. सुलूताई तिथेच. लाल डबा मांडीवरच.

"सुलूताई, सुलूताई, ऊठ ना!"

"का गं?"

"हापसा पाणी देईना,
बादली चिंधी धुवेना,
चिंधी रूळ पुसेना,
रूळ कोरडा होईना,
चाक रूळ धरीना,
मला घाट चढवेना,
माझा लाल डबा मिळेना!"

सुलूताईने ऐकलं का? कानांनी ऐकलं. मन कुठे होतं? मन होतं त्या स्टुलापाशी.

"मला नाही उठवत गं, धुरके. रोज सकाळी शिट्टी वाजायची. शिट्टी वाजली, की मी चहा टाकायचे. आता कशाला उठू? आधी शिट्टीने वाजावं. मग मी उठते!"

धुरकीने "पूर्वी कोण" असं विचारलं नाही. इथे विचारायचं नसतं. तिला कळलं.

तिने वर बघितलं. तिच्याच डोक्यावर होती शिट्टी. बोटभर. पितळेची.

"शिट्टी, शिट्टी, वाज ना!"

"का गं?"

"सुलूताई उठेना,
हापसा पाणी देईना,
बादली चिंधी धुवेना,
चिंधी रूळ पुसेना,
रूळ कोरडा होईना,
चाक रूळ धरीना,
मला घाट चढवेना,
माझा लाल डबा मिळेना!"

शिट्टी म्हणाली, "फुस्स. ऐकलंस? एवढाच आवाज निघतो. तुझ्या पोटात वाफ कुठे आहे? थोड्या वाफेत चाकं फिरतात. शिट्टी नाही वाजत. आधी वाफेने पोट भरावं. मग मी वाजते!"

"वाफ कशाची होते?"

"पाण्याची."

"पाणी कुणाकडे?"

"बादलीकडे."

"बादलीत कोण ओततं?"

"हापसा."

"हापसा कोण दाबतं?"

"सुलूताई."

"आणि सुलूताई कधी उठेल?"

"मी वाजले की!"

घ्या! रूळ गोल. आणि आता गोष्टही गोल! चाक म्हणतं आधी रूळ. रूळ म्हणतो आधी चिंधी. चिंधी म्हणते आधी बादली. जो तो म्हणतो, आधी तो, मग मी! अरे, कुणीतरी आधी करा की! एकाने तरी करा!

कुणी करेना.

ऊन कुठे आलं? पायरीच्या अगदी खाली आलं.

टुकू...

टुकू...

टु...

धुरकी पेरूच्या झाडाखाली थांबली. वाफ संपली. डोळ्यांसारखे दोन दिवे तिला, त्यांच्याखालून गरम गरम थेंब पडले. टप्. टप्. टप्.

वर स्टूल होतं. खाली धुरकी होती. मध्ये एवढासा घाट.

पेरूच्या फांदीवर बसला होता दयाळ. काळा काळा पक्षी, पंखांवर पांढरा पट्टा, शेपटी वर.

"काय गं, रडतेस? रडू नकोस. गंज चढेल!"

धुरकी म्हणाली,

"शिट्टी वाजेना,
सुलूताई उठेना,
हापसा पाणी देईना,
बादली चिंधी धुवेना,
चिंधी रूळ पुसेना,
रूळ कोरडा होईना,
चाक रूळ धरीना,
मला घाट चढवेना,
माझा लाल डबा मिळेना!"

दयाळाने शेपटी उडवली. टुक् टुक्. आता हा पण म्हणणार, आधी कुणीतरी. हो ना?

नाही! दयाळ तसं म्हणालाच नाही.

"शिट्टी ना?" तो म्हणाला. "मला येते की!"

"तुला? कशी?"

"रोज सकाळी इथेच तर बसायचो. रोज ऐकायचो. पाठच झाली."

त्याने गळा फुगवला. चोच उघडली.

कूऽऽ कुक्!

अगदी तश्शी!

सुलूताईने मान वर केली.

कूऽऽ कुक्!

"अण्णा?"

सुलूताई उठली! लाल डबा हातात. पायात चपला नाहीत. धावली. थप थप थप थप! हापसा गेला. बादली गेली. पेरूचं झाड आलं. तिने वर बघितलं.

स्टूल रिकामं होतं.

फांदीवर दयाळ होता. त्याने पुन्हा शिट्टी घातली. पण हळूच. कूऽऽ.

सुलूताई तिथेच खाली बसली. रडली. मोठ्ठ्याने रडली. अण्णा वारले तेव्हा घरात खूप माणसं होती, सगळ्यांना चहा द्यायचा होता. तेव्हा रडायचं राहूनच गेलं होतं. ते आज रडली.

धुरकी तिच्याजवळ उभी राहिली. दयाळ एक फांदी खाली उतरून बसला. रडणाऱ्या माणसाला रडू द्यायचं असतं.

रडून झालं. सुलूताईने उठायला म्हणून हात टेकला. हात पडला रुळावर. आणि सटकला! सर्रर्र!

"अगं बाई!"

तिने बोट बघितलं. बोटाचा वास घेतला. तेल!

"घाटातल्या रुळाला तेल? कुणी घातलं?"

चाक काही बोललं नाही. रूळ काही बोलला नाही. चिंधी काही बोलली नाही. सगळे सुलूताईकडे बघत होते.

सुलूताईने स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

"मीच," ती म्हणाली. "मीच घातलं. अण्णा चाकाला, दांड्याला तेल घालायचे. म्हणून आज मी सगळ्यालाच घातलं. घाटात जोर लागतो, म्हणून घाटात जास्त घातलं. मला वाटलं, तुला सोपं जाईल. चुकलं गं माझं, धुरके."

"असू दे," धुरकी म्हणाली.

आणि मग गोष्ट कशी उलटी पळाली, बघा!

सुलूताईने दांडा दाबला. खाटखूट, खाटखूट!

हापशाने पाणी दिलं. भळभळ, भळभळ!

बादलीने चिंधी धुतली. खळबळ, खळबळ! साबण लावून. आणि पिळली हळू.

चिंधीने रूळ पुसला. घस घस, घस घस! एकदा ओला. एकदा कोरडा.

रूळ कोरडा झाला. चकचक, चकचक!

सुलूताईने धुरकीला ढकलत पुन्हा पायरीजवळ आणलं. तिला मिळालं पोटभर पाणी. मिळाले नवे निखारे, बोराएवढे. रटरट रटरट! फुस्स फुस्स!

ऊन पायरीवर आलं. पण पायरीवर कुणी नव्हतंच. माळ्यावर कुणी गेलंच नाही.

"सुलूताई, सुलूताई, माझा लाल डबा दे ना!"

"आधी घाट..." सुलूताई म्हणाली. आणि थांबली.

"नाही," ती म्हणाली. "आधी डबा घे. मग चढ."

हिरवा डबा लावला. खट्! पिवळा डबा लावला. खट्! सगळ्यात शेवटी, सगळ्यात छोटा, लाल डबा लावला. खट्! आत गुळाचा खडा.

धुरकीला किती बरं वाटलं! मागे वजन होतं. पण आपलंच होतं.

झुक झुक झुक! पायरी गेली.

झुक झुक झुक! हापसा गेला.

घाट आला. झुक... झुक... झुक...

फिर्र!

आता काय झालं? रूळ तर कोरडा!

"धरतोय गं!" चाक ओरडलं. "पण थोडंसं कमी पडतंय! चिमूटभर काहीतरी कमी पडतंय!"

"चिमूटभर?" सुलूताई म्हणाली.

चिमूटभर. चिमूटभर. चिमूटभर तर घेतली गं, लागते मला.

सुलूताई घरात धावली. थप थप थप! फळीवर रांगोळीचा डबा होता. झाकण घट्ट बसलं होतं. इतके दिवस कुणी उघडलंच नव्हतं. सुलूताईने जोर लावला. टक्! उघडलं.

तिने चिमूट भरली. घाटावर आली. एक रेघ या रुळावर. एक रेघ त्या रुळावर. बारीक, पांढरी, खरखरीत.

"यासाठी होय, अण्णा?" सुलूताई म्हणाली. "मग सांगायचं की! मी ओंजळभर दिली असती."

चाकाने रांगोळी धरली. कर्र कर्र कर्र!

रांगोळीने रूळ धरला. कर्र कर्र कर्र!

आणि धुरकी चढली! झुक! झुक! झुक! मागे हिरवा. मागे पिवळा. मागे लाल. एकही मागे राहिला नाही. झुक! झुक! झुक! चढली, चढली, चढली!

कूऽऽ कुक्! धुरकीची शिट्टी वाजली.

कूऽऽ कुक्! दयाळानेही वाजवली.

धुरकी स्टुलापाशी थांबली. फुस्स.

आता कुणीतरी म्हणायला हवं होतं, शाब्बास, धुरके. अगदी वेळेवर.

कुणी म्हणालं नाही. स्टूल रिकामं होतं. स्टुलावर पेरूचं एक पान पडलं होतं.

धुरकी थांबली. आणखी थोडी थांबली.

"शाब्बास, धुरके," सुलूताई म्हणाली. हळूच म्हणाली. अण्णांसारखं मोठ्याने तिला जमलं नाही. "थोडा उशीर झाला. पण शाब्बास."

तिने लाल डब्यातला गुळाचा खडा उचलला. आता हा कुणाला द्यायचा? तिला कळेना. तिने तो स्टुलाखाली ठेवला. अण्णांचे पाय असायचे, तिथे.

तिथे होतं मुंग्यांचं बीळ. एक मुंगी बाहेर आली. तिच्या मागे दुसरी. तिच्या मागे रांगच आली. तुरुतुरु, तुरुतुरु. पहिल्या मुंगीने खड्याभोवती फेरी मारली. मग वर स्टुलाकडे बघितलं. मग सुलूताईकडे बघितलं.

"अख्खा खडा?" तिने विचारलं. "अण्णा अर्धा खायचे. अर्धा आमच्यासाठी खाली ठेवायचे."

"आता सगळा तुमचाच," सुलूताई म्हणाली.

मुंगीने विचार केला. मिशा हलवल्या.

"नको, ताई. आम्ही अर्धाच नेतो," मुंगी म्हणाली. "अर्धा अण्णांचा आहे. त्याला कुणी हात लावणार नाही."